ग्रीक अक्षरांच्या उंबरठ्यावर

(दृश्य : न्यू जर्सीतील एडिसन. रविवारची संध्याकाळ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाजणीची पिशवी, मेतकुटाची बरणी आणि अर्धवट भरलेली कापडी बॅग.)

निवेदन :

शनिवार-रविवारसाठी घरी आलेली मुलगी आज रात्री पुन्हा विद्यापीठात जाणार आहे. आई डबे भरते आहे. मुलगी ओट्याला टेकून उभी आहे आणि हातातल्या फोनवरची नजर न काढताच म्हणते, ‘आई, मी रश करायचा विचार करते आहे.’ मेतकुटाच्या बरणीचे झाकण लावता लावता आईचा हात थांबतो. ‘रश म्हणजे ते सॉरॉरिटीवाले ना?’ एवढेच ती विचारते. (सॉरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव असलेली विद्यार्थिनींची सभासद-संस्था, मुलांच्या अशा संस्थेला फ्रॅटर्निटी म्हणतात, आणि रश म्हणजे त्यांत शिरण्यासाठीची भरती.) या प्रश्नामागे चित्रपटांत पाहिलेल्या पार्ट्या आहेत आणि बातम्यांत वाचलेले मृत्यू आहेत. शिवाय आपण सांगली-पुण्याच्या कॉलेजांत शिकलो तिथे असले काहीच नव्हते, तेव्हा या बाबतीत मुलीला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, ही धास्तीही आहे.

अमेरिकेतील कितीतरी मराठी घरांत हे संभाषण इथेच संपते. ‘तसल्या भानगडीत पडायचे नाही’ असे घरचे म्हणतात, मूल मान डोलावते, आणि पुढे काय झाले ते घराला कळत नाही. ते संभाषण संपू नये, यासाठी हा माहितीपट आहे.

(दृश्य : जुन्या विटांच्या इमारती, दर्शनी भागावर मोठी ग्रीक अक्षरे.)

या संस्था आहेत तरी काय, हे आधी समजून घेऊ. ५ डिसेंबर १७७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला जेमतेम पाच महिने झाले असताना, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाचे एक गुप्त मंडळ काढले. ही तीन अक्षरे म्हणजे त्यांच्या ग्रीक ब्रीदवाक्याची आद्याक्षरे होती. पुढे ते मंडळ अभ्यासातील गुणवत्तेचा मान देणारी संस्था बनले. पण ग्रीक अक्षरांचे नाव, गुप्त विधी आणि सभासदत्वाची शपथ ही त्याची चाल इतरांनी उचलली. आज ज्यांना सोशल फ्रॅटर्निटी म्हणतात, त्यांचा आरंभ न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ मध्ये स्थापन झालेल्या कॅपा अल्फा सोसायटीपासून मानला जातो. मुलींची कॅपा अल्फा थीटा ही संस्था १८७० मध्ये इंडियानातील, आज डीपॉ विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजात निघाली. त्या कॉलेजात मुलींना प्रवेश मिळू लागून तेव्हा तीनच वर्षे झाली होती, आणि वर्गात मोजक्याच असलेल्या त्या मुलींना एकमेकींच्या सोबतीची खरोखर गरज होती.

ही सोबत मात्र सर्वांसाठी नव्हती. अनेक दशके बहुतेक संस्थांची दारे गोऱ्या आणि ख्रिस्ती मुलामुलींपुरतीच उघडी होती, आणि काहींच्या घटनेत तसे कलमच होते. म्हणून १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा ही आपली स्वतंत्र फ्रॅटर्निटी काढली आणि १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा ही सॉरॉरिटी उभी राहिली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग पहिलीचे सभासद झाले आणि कमला हॅरिस दुसरीच्या. मराठी माणसाला हे वाचून कोल्हापूर आठवावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मागोमाग इतर समाजांची वसतिगृहे निघाली, ती याच सुमाराची गोष्ट. दोहोंचे स्वरूप वेगळे होते, राजाश्रयाचे वसतिगृह आणि विद्यार्थ्यांनीच काढलेले मंडळ यांत फरक आहेच. पण परक्या शहरात शिकायला आलेल्या मुलाला टेकायला आपली माणसे हवीत, ही निकड दोन्हीकडे एकच होती.

भारतीय मुलांच्या वाट्याला ही वेळ १९९० च्या दशकात आली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे खुली झाल्यावर आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांची इथे जन्मलेली मुले तोवर कॉलेजात पोहोचली होती. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठात १९९४ मध्ये आयोटा नू डेल्टा ही फ्रॅटर्निटी निघाली. १९९८ मध्ये टेक्सासमध्ये, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा या दक्षिण आशियाई मुलींच्या सॉरॉरिटी निघाल्या. तेव्हा एडिसनच्या स्वयंपाकघरातली मुलगी नेमक्या कोणत्या प्रकारच्या संस्थेविषयी बोलते आहे, हा आईचा पहिला प्रश्न असायला हवा. शंभर-दीडशे मुलींची, स्वतःचे मोठे घर असलेली सॉरॉरिटी आणि वीसेक मुलींची, घर नसलेली दक्षिण आशियाई सॉरॉरिटी यांचे खर्च वेगळे, वेळापत्रक वेगळे आणि धोकेही वेगळे असतात.

(दृश्य : मुलीच्या फोनचा पडदा. त्यावर शुल्काचा तक्ता.)

आता तो तक्ता जवळून पाहू. पहिल्या ओळीत राष्ट्रीय संस्थेचे एकदाच भरायचे शुल्क, दुसऱ्या ओळीत विम्याचा हिस्सा, तिसऱ्या ओळीत चॅप्टरचे, म्हणजे विद्यापीठातील शाखेचे, दर सत्राचे ड्यूज, अर्थात वर्गणी. त्याखाली सभासदाच्या बिल्ल्याची किंमत आहे, आणि ‘सामाजिक कार्यक्रम’ असे मोघम नाव दिलेली एक रक्कम आहे. तक्त्यात नसलेल्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या असतात : प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा टी-शर्ट, वार्षिक मेजवानीचा पोशाख, सभा चुकली तर दंड, आणि दुसऱ्या वर्षी संस्थेच्या घरात राहणे सक्तीचे असेल तर वसतिगृहापेक्षा जास्त पडणारे भाडे. काही ठिकाणी हा सारा खर्च सत्राला काहीशे डॉलरवर भागतो, काही ठिकाणी तो काही हजारांवर जातो. चार वर्षांची बेरीज एका कागदावर मांडून, त्यातले घर किती देईल आणि तिने अर्धवेळ नोकरीतून किती उभे करायचे, हे आधीच ठरवावे. पैशाविषयी घरात संकोच असेल तर मूल क्रेडिट कार्डाचा आधार घेते, आणि तो गुंता मग वर्षभर सुटत नाही.

निवडीच्या पद्धतीत एक बारकावा असा आहे, की तो बहुतेक पालकांना कोणी सांगतच नाही. मुलींच्या २६ जुन्या सॉरॉरिटींची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स नावाची संघटना आहे. तिच्या मुख्य भरतीत काही दिवस फेऱ्या चालतात आणि शेवटच्या फेरीनंतर मुलगी आपली पसंती लेखी नोंदवते. ज्या सॉरॉरिटीचे नाव तिने लिहिले, तिचे निमंत्रण, म्हणजे बिड, आले आणि मुलीने ते नाकारले, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत त्याच विद्यापीठातील दुसऱ्या सदस्य सॉरॉरिटीत तिला जाता येत नाही. म्हणून मनापासून नको असलेले नाव केवळ संख्या भरावी म्हणून लिहू नये, हे तिला आधी ठाऊक असले पाहिजे. रात्री उशिरा, दमलेल्या अवस्थेत, बाकीच्या मुली भराभर सह्या करत असताना हे सुचत नाही.

(दृश्य : पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ रस्ता. हिवाळा.)

यापुढचा भाग कठीण आहे, आणि तो टाळून हा विषय मांडता येणार नाही.

२ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री पेन स्टेट विद्यापीठातील बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरी नव्या मुलांचे स्वागत होते. बिड स्वीकारल्यानंतरची ही त्यांची पहिलीच रात्र होती. त्यांत न्यू जर्सीचा टिमोथी पियाझा हा १९ वर्षांचा विद्यार्थी होता. कागदोपत्री ते घर दारूमुक्त होते. तरीही तपासात असे निष्पन्न झाले, की ८२ मिनिटांत त्याला १८ वेळा दारू पाजण्यात आली. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. त्याला उचलून कोचावर ठेवले गेले आणि तो कुशीवरून उलटू नये म्हणून त्याच्या पाठीला पुस्तके भरलेली सॅक अडकवली गेली. मदत बोलवा असे एक मुलगा कळवळून सांगत होता. त्याला ढकलून बाजूला करण्यात आले. रुग्णवाहिका बोलवली गेली ती सुमारे १२ तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. ४ फेब्रुवारीला टिमोथीचा मृत्यू झाला. हा सारा घटनाक्रम त्याच घरात बसवलेल्या कॅमेऱ्यांत चित्रित झाला होता.

या प्रकाराला अमेरिकेत हेझिंग म्हणतात. आपण त्याला रॅगिंग म्हणून ओळखतो आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. पण दोहोंत एक फरक आहे आणि तो आईवडिलांनी नीट लक्षात घ्यावा. रॅगिंग होणाऱ्या मुलाला त्रास देणाऱ्यांपासून पळायचे असते. हेझिंग होणाऱ्या मुलाला त्याच माणसांनी आपल्याला ‘भाऊ’ म्हणावे असे वाटत असते, म्हणून तो तक्रार करत नाही. उलट घरी काही कळू नये यासाठी स्वतःच धडपडतो. दक्षिण आशियाई किंवा एकूणच आशियाई संस्था ‘आपल्या’ आहेत, म्हणून तिथे असे होणार नाही, या समजुतीलाही आधार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा एक विद्यार्थी पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात अशाच विधीत मरण पावला. ती पाय डेल्टा साय ही आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटी होती, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्या संस्थेला पेनसिल्व्हेनियात १० वर्षांची बंदी घातली.

पियाझा कुटुंबाने दुःख गिळून कायद्यासाठी झगडा दिला. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात आणि २०२१ मध्ये न्यू जर्सीत टिमोथीच्या नावाने कायदे झाले. ‘मुलाची संमती होती’ हा बचाव पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यापुढे चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण देशासाठी ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ संमत झाला. त्याने कॉलेजांवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या : हेझिंगच्या घटना वार्षिक सुरक्षा अहवालात मोजायच्या, आणि ज्या संस्था दोषी ठरल्या त्यांचा अहवाल सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करून वर्षातून किमान दोनदा अद्ययावत करायचा. आईवडिलांनी या अहवालात मुलीने सांगितलेल्या संस्थेचे नाव तिच्याबरोबर बसून शोधावे. तिच्या पाठीमागे शोधून नंतर पुरावा म्हणून समोर टाकू नये. तसे केले तर पुढची माहिती तुमच्यापर्यंत येणे तिथेच बंद होते.

एक गोष्ट इथे स्पष्टच सांगायला हवी. मूल १८ वर्षांचे झाले की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क अमेरिकन कायद्याने त्याच्याकडे जातो. गुण घसरले, वर्ग बुडाले, तरी विद्यापीठ सहसा आपणहून घरी कळवत नाही. म्हणजे तुमच्याजवळ उरते ते एकच : तिने तुम्हाला स्वतः सांगणे. आणि या संस्थांचा पायाच गुप्ततेवर आहे. विधी गुप्त असतात, शपथ गुप्त असते. त्यातली काही गुप्तता निरुपद्रवी आहे. गुप्त हस्तांदोलनाने कुणाचे काही बिघडत नाही. परंतु ‘आज रात्री कुठे होतीस’ याचे उत्तर देता येत नसेल, फोन काढून घेतले जात असतील, झोपेच्या वेळेला बोलावून कामे करवून घेतली जात असतील, तर ती गुप्तता राहत नाही, ती पकड होते. हा फरक मुलीला आधी, शांतपणे, जेवताना सांगितलेला असावा. त्याबरोबर असेही सांगावे, की दीक्षेच्या, म्हणजे पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीच्या, आधी कधीही सोडून येता येते, भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, आणि कोणी शुद्धीवर नसेल तर ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करताना ‘मी प्यायले आहे, मी २१ ची नाही’ याचा विचार करत बसायचे नाही. अनेक राज्यांत मदत मागणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. आपण आईवडिलांनी मात्र त्या रात्री प्रश्न विचारायचे नाहीत, हे आपल्यालाही आधी स्वतःशी पक्के करावे लागते.

या साऱ्या काळजीत तिला हे का हवे आहे, हे विचारायचे राहून जाते. पुण्यात ढोल-ताशा पथकात दोन महिने रोज संध्याकाळी सराव केलेल्या कुणालाही ते समजावून सांगावे लागू नये : ठरलेली जागा, ठरलेला वेळ, सारखा पोशाख, आणि आपण एक दिवस गेलो नाही तर कुणाला तरी ते जाणवते. हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात ही गरज खरी आहे. ती महाराष्ट्र मंडळाच्या विद्यार्थी शाखेत, नृत्यसंघात किंवा प्रयोगशाळेतही भागू शकते, हे सुचवायला हरकत नाही. पण सुचवून थांबावे.

(दृश्य : काही आठवड्यांनंतर. दुपार. तेच स्वयंपाकघर.)

आज बिड डे आहे. आज काही मुली ओरडत, पळत आपल्या नव्या घरांकडे जातील आणि काहींना कुठूनच निमंत्रण येणार नाही. अशा वेळी आपल्या तोंडून सहज निघते, ‘बरे झाले, अभ्यास तरी होईल.’ हे वाक्य प्रेमातूनच येते. पण जिला अनोळखी मुलींनी आठवडाभर पारखून ‘नको’ म्हटले, तिला ते घरूनही आलेला नकार वाटतो.

ओट्यापाशी उभी असलेली आई फोनवर लिहिते, ‘मिळाले का?’ मग थोडा वेळ तशीच बघत राहते, ते पुसून टाकते आणि पुन्हा लिहिते, ‘जेवलीस का?’

बराच वेळ काही येत नाही. मग पडद्यावर दोन शब्द उमटतात : ‘अजून नाही.’

आणि लगेच फोन वाजतो.