गायकाविना रॉक

श्रोतेहो, नमस्कार.

1958 साली अमेरिकेत लिंक रे या गिटारवादकाची 'रंबल' नावाची तबकडी निघाली. तिच्यात गाण्याचा एक शब्दही नव्हता. तरीही काही रेडिओ केंद्रांनी ती लावायचं नाकारलं. तरुण पोरं ती ऐकून मारामाऱ्या करतील, अशी त्यांना भीती वाटत होती. अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला भोकं पाडून रे यानं आवाज मुद्दाम फाटका केला होता. शब्द नसतानाही लोकांना धाक वाटावा, इतकं बळ त्या आवाजात होतं.

असं गायकाविना रॉक आणि मेटल, म्हणजे रॉकचाच अधिक जड, कर्कश प्रकार, मी कितीतरी वर्षं ऐकत आलो आहे. 'यात गाणं कुठं आहे?' असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. माझं म्हणणं असं की गायकाची जागा इथं रिकामी नसते. वाद्यं ती आपसांत वाटून घेतात, आणि या क्षणी ती कुणाकडे आहे हे शोधत ऐकण्यात फार मोठी मजा आहे.

बहुतेक वेळा ती गिटारकडे जाते. जो सॅट्रियानी या गिटारवादकाचा 1987 सालचा 'सर्फिंग विथ द एलियन' घ्या. शब्द नसलेला हा अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत 29व्या क्रमांकापर्यंत चढला. सॅट्रियानी आधी चाल स्वच्छ मांडतो, तार ओढून मींड घेतो, ओळीच्या शेवटी श्वास घ्यावा तसा थांबतो. वेगाचं काम त्यानंतर येतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. याच वाटेनं गेलेले पुष्कळ अल्बम केवळ बोटांची चपळाई दाखवतात आणि तिसऱ्या रचनेपर्यंत कान थकवतात. चाल गुणगुणता येत नसेल, तर कितीही अवघड वाजवलेलं असलं तरी मी त्या अल्बमकडे परत जात नाही.

आता 'ओरायन' ऐका. मेटॅलिका या मेटल समूहाच्या 1986 सालच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या अल्बममधली ही आठ मिनिटांहून मोठी रचना. अल्बममध्ये बाकी सगळीकडे गायन आहे, इथं मात्र नाही, आणि त्यामुळे क्लिफ बर्टन याचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, पुढे येतो. मध्यावर सगळं वादन विरतं आणि एकटा बेस संथ लयीत नवी चाल सुरू करतो. गिटारी मागाहून तिच्यात सामील होतात. बेसवर त्यानं वाजवलेले काही तुकडे इतके धारदार आहेत की ऐकणारा सहज ते गिटारच्या नावावर लिहून टाकतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बर्टन गेला. त्याच्या अंत्यविधीत हीच रचना लावली होती. हे कळल्यापासून तो मधला भाग मला नुसता ऐकता येत नाही.

कधी ती जागा लयीकडे असते. रश या कॅनडाच्या त्रिकुटाची 1981 सालची 'वायवायझेड' ही रचना टोरांटो विमानतळाच्या संकेताक्षरांवर बेतली आहे. त्या तीन अक्षरांचा मोर्स संदेश, म्हणजे तारेच्या लिपीतल्या लांब-आखूड खुणा, हाच तिच्या सुरुवातीचा ताल. आपल्या छंदशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर गुरू, लघू, गुरू, गुरू, पुन्हा तेच, मग दोन गुरू, दोन लघू. मात्रा मोजा, वीस भरतात. हे माहीत नसलं तरी तो ताल अंगात भिनतोच, पण एकदा मोजून पाहिलात की दरवेळी हात आपोआप टेबलावर पडू लागतो.

आणि काही वादकसमूहांत ही जागा कुणा एका वाद्याकडे नसतेच. आवाजाच्या चढउतारानं सगळं घडतं. मॉन्ट्रियलच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या समूहाच्या 2000 सालच्या जोड-अल्बममध्ये चारच रचना आहेत, प्रत्येक साधारण वीस मिनिटांची. टेक्ससच्या एक्स्प्लोजन्स इन द स्काय यांच्या 2003 सालच्या अल्बममध्ये पाच. शिकागोचे रशियन सर्कल्स तिघंच. पण गिटारवादक एखादा तुकडा पेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या यंत्रावर, फिरता ठेवतो, त्यावर दुसरा थर चढवतो, आणि ऐकताना पाच-सहा जण वाजवत असावेत असं वाटतं. हे संगीत घाईत ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही. हळू भागाला कंटाळून तुम्ही पुढे सरकलात, तर नंतरचा स्फोट हा नुसता गोंगाट ठरतो.

कार्मा टू बर्न या समूहाची हकिगत सांगायलाच हवी. रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहामुळे त्यांनी 1997 सालच्या पहिल्या अल्बमसाठी गायक घेतला. 1999 सालच्या दुसऱ्या अल्बममध्ये गायक नव्हता आणि रचनांना नावंही नव्हती, फक्त आकडे. एका राकट रिफमागून, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यामागून, दुसरा, आणि मध्ये काही उणं भासत नाही. गायक नको हा त्यांचा हट्ट बरोबर होता, असं मी ठामपणे म्हणेन.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर एकच अल्बम निवडा आणि तो आठवडाभर ऐका, रचनांचा क्रम न बदलता. पहिल्यांदा सगळा ऐका. पुढच्या खेपेला गिटारकडे लक्षच देऊ नका. फक्त बेस धरा. मग ड्रम्स, त्यातही झांजा कुठं थांबतात ते. यासाठी हेडफोन बरे, कारण छोट्या स्पीकरमध्ये बेस जवळजवळ नाहीसाच होतो. चालीची गोडी असलेल्यांनी सॅट्रियानीपासून सुरुवात करावी. लांब बैठकीची सवय असलेल्यांनी सरळ गॉडस्पीडचा जोड-अल्बम लावावा. टोसिन अबासी हा गिटारवादक आठ तारांच्या गिटारवर वाजवतो तो 'अॅनिमल्स अॅज लीडर्स' हा 2009 सालचा अल्बम मात्र थोडा नंतरसाठी ठेवा. त्यातली लयीची गुंतागुंत अशी आहे की आधी बेस आणि ड्रम्स वेगळे ऐकायची सवय झालेली असली, तर तो दुप्पट आवडेल.