मातात्लानची मेस्काल भट्टी

मेक्सिकोतलं ओआहाका राज्य. इथलं सांतियागो मातात्लान हे गाव स्वतःला मेस्काल या मेक्सिकन दारूची जागतिक राजधानी म्हणवतं. रस्त्याच्या दुतर्फा भट्ट्याच भट्ट्या, त्यामुळे वाद घालायला कुणी जात नाही.

शेतातली ही झाडं ओळखीची वाटतायत? आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्याच कुळातली. ही जात एस्पादिन. तयार व्हायला साधारण 6 ते 8 वर्षं लागतात. पानं कोयत्याने छाटली की उरतो तो गड्डा. इथे त्याला पिन्या म्हणतात.

खरी करामत या खड्ड्यात आहे. तळाला लाकडं पेटवायची, त्यावर दगड तापवायचे, दगडांवर चिरलेले गड्डे रचायचे. वरून चोथा, चटया आणि माती. मग 3 ते 5 दिवस हात लावायचा नाही. कच्च्या गड्ड्यातला फ्रुक्टान, म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, तसा आंबत नाही. या उष्णतेत त्याची साखर होते. मेस्कालचा तो धुरकट वासही इथलाच. टकिलासाठी गड्डे सहसा वाफेवर शिजवतात, म्हणून तिला तो नसतो.

भाजलेला तुकडा चावून बघा. गोड, चिकट, आणि तोंडात दोरेच दोरे. शेवटी घायपातच तो!

पुढचं काम घोड्याचं. आपल्याकडच्या चुन्याच्या घाणीसारखं हे दगडी चाक गोल फिरतं आणि गड्डे चेचतं. रस, चोथा, पाणी, सगळं लाकडी पिंपात. यीस्ट विकत आणत नाहीत. हवेत आणि लाकडात असेल तेवढ्यावर भागतं. थंडीत आंबायला जास्त दिवस लागतात, एवढंच.

मग तांब्याच्या भांड्यातून दोनदा ऊर्ध्वपातन. आता या उस्तादांकडे नीट बघा. वेळूच्या नळीने त्यांनी दारू ओढली आणि फळाच्या वाळक्या कवचाच्या वाटीत सोडली. कडेला बुडबुड्यांची माळ धरली. टिकली तर कडकपणा बरोबर. दारू फार कडक असो वा फार पातळ, माळ लगेच फुटते. नियमाप्रमाणे मद्यार्क 35 ते 55 टक्के हवा. त्यासाठी मोजमाप होतंच, पण भट्टीवर पहिला शब्द बुडबुड्यांचा.

एक गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. ऊर्ध्वपातनानंतर भांड्यात आंबट, गरम सांडपाणी उरतं. ते ओढ्यात गेलं तर पाणी नासतं. मागणी वाढली तसं तेही वाढलंय, आणि खड्ड्यासाठी लागणारं लाकूडही. काही भट्टीवाले आता हे पाणी आणि चोथा मातीत कालवून कच्च्या विटा पाडतात.