चित्राबाहेरचा जावई

अध्यक्षांनी वेळेची जाणीव आधीच करून दिलीय, त्यामुळे राजा रविवर्म्याची ओळख करून देत बसत नाही. घाटकोपरचा छापखाना, पुढे मळवली, घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वती, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मला बोलायचंय ते 1893 सालच्या एकाच चित्रावर. ‘देअर कम्स पापा’. बाबा आले!

त्याआधी एक तक्रार. आमच्या भागातल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात या चित्राची प्रत टांगलीय. बाई आहे, कडेवर बाळ आहे, आणि कुत्रा गायब. खालचा भाग सरळ कापून टाकलेला! विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, “फ्रेम तयार होती हो, त्यात बसेना.” (हशा) हसू नका. दाढ बधिर झाल्यावर माणूस भांडणार कसा? तरी अर्ध्या तोंडानं मी सांगत होतो, अहो, तो कुत्रा शोभेचा नाही. बाई डावीकडे बघतेय, बाळ तिकडेच, आणि पायाशी कुत्राही तिकडेच. तिघांच्या नजरा एका बाजूला लागल्यात, म्हणून चौकटीबाहेर कुणी येतंय हे आपल्याला पटतं. कुत्रा काढलात तर येणाऱ्याचा एक साक्षीदार गेला. डॉक्टर म्हणाले, “चूळ भरा.”

असो. ती बाई म्हणजे रविवर्म्याची लेक महाप्रभा, आणि बाळ तिचा मुलगा. अंगावर केरळी पांढरं मुंडू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र. त्याच वर्षी शिकागोच्या प्रदर्शनाला त्याची दहा चित्रं गेली, तीही भारतीय स्त्रियांचीच. नऊवारीतल्या नायिकांवर पुन्हा कधीतरी बोलेन, बोलावलंत तर.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुद्दा राहिलाच की!

तर मुद्दा असा. हा पोशाख ज्या घरांतला, तिथे वंश आईकडून चालायचा. मुलगी सासरी जात नसे, नवराच तिच्या घरी यायचा. आपण अधिक महिन्यात जावयाला अनारसे वाढतो; तिथे बाराही महिने अधिकच. मुलं आईच्या घराण्याची, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणजे मामा. मग ‘पापा’ कोण? पाहुणा! कपडे एक घर सांगतात आणि चित्राचं नाव भलतंच, इंग्रजी वळणाचं, आई-बाप-मूल असं घर सांगतं. ही ओढाताण तेव्हा चालूच होती. ब्रिटिश मलबारात, म्हणजे केरळच्या उत्तर भागात, असे संबंध विवाह म्हणून नोंदवायचा कायदा 1896 साली झाला.

रविवर्मा स्वतः केरळातल्या किळिमानूर घराण्याचा, बायको तिथल्याच मावेलिक्करची. म्हणजे तोही असाच जावई. माझं म्हणणं, चौकटीबाहेर त्यानं स्वतःलाच उभं केलंय. पुरावा मागू नका, वेळ नाही.

आणि गंमत बघा. 1895 साली याच महाप्रभेला मुलगी झाली, सेतु लक्ष्मीबाई. केरळातल्या त्रावणकोर संस्थानात गादीचा वारस राजाच्या बहिणीच्या पोटी यायचा, आणि राजघराण्यात मुली उरल्या नव्हत्या. म्हणून 1900 साली ही दत्तक गेली. 1924 ते 1931 राज्याचा कारभार तिनं पाहिला. देवळाभोवतीचे रस्ते अस्पृश्यांना खुले व्हावेत म्हणून झालेल्या वैकम सत्याग्रहाच्या वेळी गांधीजी भेटले ते तिलाच. आजोबांनी चित्रात बापाची वाट बघायला लावली खरी, पण नातीला राज्य मिळालं ते आईच्या बाजूनं.