कोकसानं शिखरापासून सुरुवात केली : वेरूळचं कैलास लेणं

ही भिंत बघा. मुद्दाम कॅमेरा जवळ नेलाय. तिरप्या रेघा दिसतायत ना, एकाखाली एक, त्या छिन्नीच्या खुणा आहेत. जवळजवळ १२५० वर्षं झाली तरी पुसल्या नाहीत. कैलास एलियननी केलं असं सांगणारे व्हिडिओ लाखो लोक बघतात, पण ते व्हिडिओवाले या भिंतीपाशी थांबत नाहीत.

आता गोष्ट ऐका. कृष्ण याज्ञवल्कींच्या कथाकल्पतरू या जुन्या मराठी ग्रंथात ती आहे. राजा आजारी पडला, काही केल्या बरा होईना. राणी माणिकावतीनं वेरूळच्या घृष्णेश्वराला नवस बोलला, राजा बरा होऊ दे, तुझं देऊळ बांधीन आणि शिखर बघितल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण देऊळ म्हटलं की आधी पाया, मग जोतं, भिंती, छत आणि शिखर सगळ्यात शेवटी, म्हणजे कितीही घाई केली तरी कित्येक महिने, आणि तोवर राणी उपाशी. सगळ्या कारागिरांनी हात टेकले. मग पैठणचा कोकस पुढे आला आणि म्हणाला, आठवड्याभरात शिखर दाखवतो.

पाया खणायच्या भानगडीत तो पडलाच नाही. डोंगरावर चढला आणि वरून कोरायला घेतलं.

आता आपण त्याच डोंगरावर आहोत, इथून सगळं नीट कळतं. मागे आणि दोन्ही बाजूंना खोल चर मारले, मधे कातळाचा प्रचंड ठोकळा सुटा केला, आणि त्यातून देऊळ काढत काढत खाली उतरले. परांची बांधायची गरज नाही, पायाखालचा दगड हीच उभं राहायची जागा, वरचं काम झालं की तोच दगड फोडून आणखी खाली. मंडपाच्या छतावरचं ते कमळ आणि त्यावरचे चार सिंह बघा, खाली अंगणातून हे दिसतसुद्धा नाहीत तरी किती मन लावून केलेत. आणि हा बेसॉल्ट आहे, एक टवका जास्त उडाला तर परत चिकटवता येत नाही. खांब कुठे, जिना कुठे, तळाचे हत्ती कुठे, हे सगळं वर असतानाच डोक्यात पक्कं पाहिजे! मागचा कडा १०० फूट खोल, अंगण साधारण २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, सगळं हातानं.

दक्षिणेच्या बाजूला हा रावण. वीस हातांनी कैलास पर्वत हलवतोय, वर पार्वती शंकराला बिलगलीय, दासी घाबरून पळतेय.

राणीनं शिखर बघितलं, उपास सोडला, देवळाला माणिकेश्वर नाव पडलं. इतिहासात हे काम राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावावर आहे, आठव्या शतकातलं, आणि बरेच अभ्यासक म्हणतात की पुढच्या राजांच्या काळातही ते चालू होतं.

बडोद्याला राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट मिळाला, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा. त्यात लिहिलंय की हे देऊळ बघून विमानातले देव चकित झाले आणि ज्यानं घडवलं त्याला स्वतःलाच प्रश्न पडला, हे मी केलं कसं? त्यात राजाचं नाव आहे, कारागिराचं नाही. कोकस आपल्याला भेटतो तो कथेतच, म्हणून वेरूळला गेलात की गाईडला कोकसाची गोष्ट सांगायला लावा, मुलांना पण ऐकवा.