कागदावर फक्त ‘जगळ’

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची एक मुलगी, कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यात दिलेली, लेकराला घेऊन माहेरी परत आली. ‘सासर महाराष्ट्रात, तर केसपण तिकडंच,’ असं चार जाणत्यांनी तिला सांगून टाकलं. साफ चूक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे बाई जिथं राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. आणि त्या कोर्टाचा आदेश देशभर लागू होतो, चंदगडातही.

त्या अर्जासाठी मी तिच्याबरोबर गेले होते. जबाब लिहून झाला, कागद सहीला पुढं आला. सगळा कन्नडमध्ये. मुलगी मराठी शाळेत शिकलेली. हळूच मला म्हणाली, “मावशी, मी काय म्हटलो म्हणून लिवलंय ह्यात?”

मी वाचलं. मनगटावरचा डाग दाखवून तिनं तापलेल्या उलथन्याचं सांगितलं होतं. कागदावर एकच शब्द होता: जगळ. म्हणजे भांडण! लिहिणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं, त्याला मराठी अर्धीमुर्धी कळत होती. पण न्यायाधीशांपुढं आधी जातो तो कागदच.

भाषेचा जुना वाद मला उकरायचा नाही. पलीकडं महाराष्ट्रातल्या जतमध्ये कन्नड बोलणाऱ्या सुनेलाही हीच अडचण येत असणार. पण या कायद्याचे नियमच म्हणतात, बाईला तिच्या हक्कांची माहिती लेखी द्या, इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत. मग बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी स्थानिक नाही तर काय? तो कागद मराठीत छापा, आणि सहीआधी जबाब तिच्या भाषेत वाचून दाखवणं सक्तीचं करा.

दुसरं, या कायद्याखाली बाईला मदत करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचं काम कर्नाटकात सीडीपीओंच्या, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या, गळ्यात आहे. त्यांच्यामागं आधीच तालुक्याभरच्या अंगणवाड्या. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत. हे जोडकामातून कसं जमणार? सीमेवरच्या तालुक्यांना पूर्णवेळ माणूस हवा. बेळगाव आणि कोल्हापूरच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांच्या नोटिसा बजावायचं ठरवलं, तर त्यासाठी सीमाप्रश्न सुटायची वाट बघायला नको.

तोवर बायांनो, १८१ ला फोन करा. तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, आणि तालुक्याला यायची बस कर्नाटकाच्या शक्ती योजनेत फुकटच आहे.

त्या मुलीनं पहिल्या कागदावर सही केली नाही. दुसरा लिहायला तासभर गेला, लेकरू बाकावरच झोपलं. त्यात उलथनं आलं, कुठल्या हाताला लागलं तेही आलं.