उलथापालथीत परका माणूस: कुवेत 1990 आणि आजचा आखाती कामगार

मंडळी, आजचा विषय कोकणातल्या आणि गोव्यातल्या बऱ्याच घरांच्या ओळखीचा आहे. आखातातून येणाऱ्या पैशावर ज्या घरांचे चौथरे उभे राहिले, त्यांना 1990 चं कुवेत नव्याने सांगायला नको. पण तेव्हा नेमकं काय अडलं आणि कशामुळे, हे आज तिकडे जाणाऱ्या मुलामुलींपर्यंत पोचलेलं नाही. म्हणून तेवढंच बोलतो.

2 ऑगस्ट 1990, गुरुवार. पहाटे इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. अमीर, म्हणजे कुवेतचे राजे, सौदी अरेबियात गेले आणि राज्यकारभार एका दिवसात नाहीसा झाला. तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. त्यांचं तिथलं राहणं कफीलच्या, म्हणजे जामीनदार मालकाच्या, सहीवर टांगलेलं होतं. व्हिसा, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरी बदलण्याची परवानगी, सगळं त्याच्या हातात. ऑगस्ट म्हणजे तिकडचा सुट्टीचा महिना, त्यामुळे अनेक कुवेती कुटुंबं आधीच परदेशी होती. उरलेल्यांतली बरीच पुढच्या आठवड्यांत निघून गेली. कफील गेला की त्याच्या नावावर तिथे असलेल्या परक्या माणसाला विचारणारं कुणी उरत नाही.

पहिली अडचण पासपोर्टची. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा, हा रिवाजच होता. कंपनीत तो तिजोरीत, घरकाम करणाऱ्या बाईचा मालकिणीच्या कपाटात. तिजोरीची किल्ली घेऊन मालक परदेशी असला, तर पासपोर्ट असून नसल्यासारखा. अशांना भारतीय वकिलातीने प्रवासाचे तात्पुरते कागद दिले. पण त्यासाठीही माणूस भारतीय आहे हे कशावरून तरी कळायला हवं. पासपोर्टची झेरॉक्स, जुना विमानाचा कागद, निदान पासपोर्ट नंबर. काहीच नसेल तर ओळख पटवण्यात वेळ जाणार, आणि वेळच कुणाकडे नव्हता. त्यात इराकने परदेशी वकिलाती बंद करायला सांगितल्या आणि आपल्या वकिलातीला बसऱ्याला हलावं लागलं. ज्यांनी त्याआधी नाव नोंदवलं नाही, त्यांना नंतर नोंदवायला दारच जवळ राहिलं नाही.

दुसरी अडचण पैशाची, आणि इथे चांगली शिकलेली माणसंही फसली. आक्रमणाआधी कुवेती दिनार साडेतीन डॉलरच्या आसपास, आपल्या तेव्हाच्या 60 रुपयांच्या घरात होता. इराकने तो इराकी दिनाराच्या बरोबरीला आणला आणि मग चलनातूनच काढून टाकला. बाजारात इराकी दिनाराची किंमत त्याच्या कितीतरी पट कमी होती. म्हणजे घरात साठवलेला पगार कुणी हात न लावताही वितळला. दर महिन्याला पैसे गावी पाठवणाऱ्याचं नुकसान त्या मानाने थोडं झालं. ‘वर्षअखेरीला एकदम नेऊ’ म्हणून उशाखाली ठेवणाऱ्याचं सगळंच गेलं.

मग रस्ता. कुवेत ते बसरा, बसऱ्याहून बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सीमा आणि पुढे अम्मान. सगळे मिळून दीड हजार किलोमीटरच्या वर, ऑगस्टच्या उन्हात, भाड्याच्या बसमधून. सीमेवर शालानसारख्या तंबूंच्या छावण्यांत भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकेचे, फिलिपिनी असे हजारो लोक पाण्यासाठी रांगेत उभे होते. अम्मानहून एअर इंडियाची विमानं मुंबईला येऊ लागली. 59 दिवसांत 488 उड्डाणं आणि एक लाखाहून जास्त माणसं. हे मोठं काम होतं आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण विमान अम्मानहून सुटत होतं. अम्मानपर्यंत अनेकांना आपलं आपण पोचावं लागलं, हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं.

पुढेही तेच घडलं. सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 ला लढाई पेटली आणि खार्टुमचा विमानतळ लगेच बंद पडला. बहुतेकांसाठी सुटकेची बोट आणि विमान पोर्ट सुदानहून होतं, आणि खार्टुमहून ते रस्त्याने 800 किलोमीटरच्या आसपास. म्हणून मी सांगतो: हाताशी 200 ते 300 अमेरिकी डॉलर ठेवा, तेही 10 आणि 20 च्या नोटांत. अशा वेळी 100 च्या नोटेचे सुटे कुणी परत देत नाही, त्यामुळे बसवाला मागेल ते भाडं म्हणजे अख्खी नोट. या पैशाला एरवी हात लावायचा नाही.

आता ज्या भागाबद्दल फार कमी बोललं जातं, तो नुकसानभरपाईचा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1991 मध्ये ठराव 687 ने इराकला जबाबदार धरलं आणि जिनिव्हात भरपाई आयोग बसवला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातला हिस्सा कापून दावे फेडायचे, अशी योजना. सामान्य कामगाराच्या उपयोगाचे दाव्यांचे दोन वर्ग होते. ‘ए’ वर्ग फक्त देश सोडावा लागल्याबद्दल होता. एकट्या माणसाला 2,500 डॉलर, कुटुंबाला 5,000. दुसऱ्या कुठल्याही वर्गात दावा करणार नाही असं मान्य केलं, तर 4,000 आणि 8,000. ‘सी’ वर्गात बुडालेला पगार, सामान, गाडी, खात्यातले पैसे अशा खऱ्या नुकसानीसाठी 1,00,000 डॉलरपर्यंत मागता येत होतं. त्यावरचे वैयक्तिक दावे ‘डी’ मध्ये.

‘ए’ ला पुरावा साधा पुरे होता: 2 ऑगस्ट 1990 ते 2 मार्च 1991 या काळात इराक किंवा कुवेत सोडलं, एवढंच. लाखो दावे एकेक करून तपासणं अशक्य, म्हणून आयोगाने सरकारांकडून आलेल्या प्रवाशांच्या नोंदींशी ते संगणकावर जुळवून पाहिले. म्हणजे अम्मानच्या गर्दीत कुणीतरी घाईघाईने लिहिलेल्या यादीतली एक ओळ पुढे डॉलर मिळवून देणारा पुरावा ठरली. आता विचार करा, पासपोर्टवर ‘मोहम्मद’ एका स्पेलिंगने, यादीत दुसऱ्याने. वडिलांचं नाव एकीकडे आहे, एकीकडे नाही. आडनाव गावावरून लावलेलं. अशी जुळणी अडते. ‘सी’ ला नोकरीचा करार, पगाराची पावती, भाड्याचा करार असे कागद लागत. परिस्थिती पाहता शक्य असेल तेवढा किमान पुरावा चालेल अशी सवलत होती, पण किमान म्हणजे शून्य नव्हे. घर जसंच्या तसं सोडून आलेल्या माणसाकडे घरातल्या सामानाची पावती कुठून असणार? ती गावी पाठवलेल्या पत्रात किंवा वहीत असेल तरच.

आणि पैसे लगेच मिळाले नाहीत. इराकची तेलविक्री 1996 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, त्यानंतर हप्ते सुटू लागले. सहा वर्षांत माणसं भाड्याची घरं बदलतात, पुन्हा आखातात जातात, काही वारतात. दावेदार सापडला नाही तर ती रक्कम सरकारने आयोगाला परत करायची होती. पत्ता बदलल्याचं एक पत्र न लिहिल्याने हक्काचे पैसे जातात, हे मला फार लागतं.

कुवेतमधल्या पॅलेस्टिनी लोकांची गोष्टही सांगायला हवी. ते तिथे चार लाखांच्या आसपास होते. अनेक जण तिथेच जन्मलेले, शिक्षक, इंजिनिअर. त्यांच्या नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली असं मानलं गेलं, आणि कुवेत मुक्त झाल्यावर त्यांतल्या बहुतेकांना देश सोडावा लागला. ज्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, त्यांनाही. परक्या माणसाचा हिशोब त्याच्या समूहाच्या नावाने होतो. म्हणून हल्ल्याचा किंवा सैन्याचा व्हिडिओ काढू नका, पुढे पाठवू नका. आखातातल्या काही देशांत तो सरळ गुन्हा आहे.

आजची तयारी थोडक्यात. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर, म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरीची अट, लागू होतो. त्यांनी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मंजुरी घेऊनच जावं. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे ‘आझाद व्हिसा’, म्हणजे नावापुरता कफील दाखवून कुठेही काम करण्याचा व्हिसा, शोधणारा माणूस कुठल्याच नोंदीत नसतो. एजंटचा परवाना क्रमांक तपासा. त्याला घेता येणारा मोबदला 30,000 रुपये आणि त्यावरचा कर, एवढाच आहे. प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये, अपघाती मृत्यूला संरक्षण 10 लाखांचं. पोचल्यावर वकिलातीत नाव नोंदवा.

घरकामाला गेलेल्या बायांसाठी वेगळं सांगतो, कारण 1990 मध्ये त्याही अडकल्या आणि आजही घराच्या दाराआड त्याच असतात. कुवेतच्या 2015 च्या घरकामगार कायद्याप्रमाणे मालकाने तुमच्या संमतीशिवाय पासपोर्ट ठेवायचा नाही. तरी ठेवला जातो. म्हणून निघण्याआधीच पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा आणि करार यांच्या दोन झेरॉक्स काढा. एक गावी, एक कपड्यांच्या पिशवीच्या अस्तरात. फोटो फक्त मोबाईलमध्ये ठेवले तर मोबाईल काढून घेतल्यावर तेही जातात. वकिलातीचा आणि गावातल्या एका माणसाचा, असे दोन नंबर पाठ करा. आणि पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात पत्ता घरी कळवा. नुसतं ‘कुवेतला आहे’ यावरून कुणालाही शोधता येत नाही. भाग, ब्लॉक, रस्ता, घर क्रमांक असा तो हवा. तेही जमलं नाही तर इमारतीच्या दाराशी लावलेल्या पाटीवरचा पासी नंबर, म्हणजे त्या इमारतीचा सरकारी क्रमांक, फोनवर आईला सांगा, तिला तो कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहायला लावा, आणि तो तिच्याकडून एकदा परत वाचून घ्या.