बटणाची छत्री

विषाणू पेशीवर ‘हल्ला’ करतो असं आपण सर्रास म्हणतो. मीही म्हणते, सवयीने. पण फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तो क्षण रेणूंच्या पातळीवर पाहिला की हा शब्द पटेनासा होतो. त्याच्याजवळ इंजिन नाही, इंधन नाही. जेमतेम 100 नॅनोमीटरचा गोळा, वाहत येऊन चिकटतो, एवढंच. आत शिरायचं तर त्याचं मेदाचं आवरण आणि पेशीचं आवरण एकजीव व्हायला हवं, आणि ती सुखासुखी होत नाहीत. ती ताकद येते कुठून?

या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. त्यांतला मुख्य हिमॅग्लुटिनिनचा. 1981 साली विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी अणूंची मांडणी काढली. शेंड्याजवळ एक खळगा दिसला. पेशीवरचं सायलिक आम्ल तिथे बसतं, म्हणजे चिकटण्याचं कोडं सुटलं. पण पेशीच्या आवरणात रुतणारा तुकडा, आम्ही त्याला फ्यूजन पेप्टाइड म्हणतो, तो भलतीकडेच, विषाणूच्या बाजूला बुडाशी दडलेला. शेंड्यापासून चांगला दहा नॅनोमीटर खाली!

1994 मध्ये आम्लाने बदललेल्या हिमॅग्लुटिनिनच्या गाभ्याची रचना आली. सैल वळणाचा भाग आता ताठ काठी झाला होता, आणि फ्यूजन पेप्टाइड ज्या टोकाला जोडलेलं असतं ते टोक सरळ वर फेकलं गेलं होतं.

बटणाची छत्री आठवा. मिटताना आपण लावलेला जोर स्प्रिंगमध्ये साठतो, उघडायला नुसतं बोट पुरतं. हिमॅग्लुटिनिन ही मिटलेली छत्री. (आम्लाऐवजी नुसती उष्णता दिली तरी ती उघडते, म्हणजे जोर आतच साठलेला आहे.) मग मिटली कोणी? हा विषाणू ज्या पेशीत तयार झाला, तिने. तिच्याच यंत्रणेने प्रथिन बांधलं, दुमडलं. यजमानाच्याच एंझाइमने त्याला एका ठिकाणी छेद दिला, त्याशिवाय बटण चालत नाही. पुढची पेशी विषाणूला आपणहून गिळते, एका पिशवीत घेते आणि नेहमीच्या रिवाजाने ती पिशवी आम्लधर्मी करते. सामू पाच-साडेपाचपर्यंत उतरला की छत्री खाडकन उघडते. स्प्रिंग ताणली एका पेशीने, बटण दाबलं दुसरीने. विषाणूने काय केलं, तुम्हीच सांगा.

लस करणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. चांगली प्रतिपिंडं बऱ्याचदा मिटलेली छत्री ओळखतात, आणि नेमकी तीच हाताळताना उघडून बसते. तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना छळणाऱ्या आरएसव्हीवर 1960च्या दशकात फॉर्मलिनने निष्क्रिय केलेली लस दिली गेली. पुढे संसर्ग झाल्यावर लस घेतलेल्या मुलांचा आजार उलट बळावला, दोन मुलं दगावली. कारणं एकाहून अधिक होती, पण आरएसव्हीवरही अशाच छत्र्या असतात आणि निष्क्रिय केलेल्या विषाणूवर त्या बहुतेक उघडलेल्या असतात, हे फार उशिरा कळलं. 2013 मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी मिटलेलं रूप एका प्रतिपिंडाच्या चिमटीत धरून पाहिलं, मग नवे बंध घालून ते जखडलं. त्या धाग्यावरच्या लसी 2023 मध्ये आल्या. मधल्या काळात करोनाच्या काट्यात दोन जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल बसवून त्याचंही बटण अडवलं गेलं. अनेक कोविड लसींत तोच काटा होता.

माझं काम याहून किरकोळ आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हिमॅग्लुटिनिन पाहायचं, त्यासाठी तीन मिलिमीटरच्या जाळीवर त्याचा थेंब ठेवायचा, टिपकागदाने जवळजवळ सगळा टिपून घ्यायचा आणि जाळी द्रव इथेनमध्ये बुडवायची. पाणी काचेसारखं गोठायला हवं. बर्फाचे स्फटिक धरले तर दिवस वाया. ही युक्ती शास्त्रज्ञ जाक दुबोशे यांची, 2017च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. माझे पहिले चार महिने स्फटिक पाहण्यात गेले. टिपकागद दमट होता, एवढंच कारण!

आता मी थेंबात आम्ल घालते आणि काही सेकंदांत गोठवते. एकेक चित्र म्हणजे करडी रवाळ धूळ. लाखो कण संगणकाने वेगळे करून एकावर एक रचले की आकार उमटतात. मिटलेल्यांचा ढीग पडतो, उघडलेल्यांचा पडतो. आणि एक लहानसा ढीग असा, की त्यात शेंडा सैल झालाय पण काठी अजून ताठ नाही. त्याचं चित्र पुसट येतं. गेलं वर्षभर मी त्याच ढिगापाशी बसून आहे.